रुंद चाकं, खाली बसवलेली गाडी : पाटी केए असो वा एमएच, हिशोब एकच

बेळगाव : नव्या टायरवरचा आणि मॅगव्हीलवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. दहा हजारांच्या मालाला जिथे १२,८०० मोजावे लागत, तिथे आता ११,८०० लागतात. चार चाकांचा सेट घ्यायचा म्हटल्यावर हा फरक डोळ्यात भरतो. आधीच सीमाभागातल्या तरुणांत गाडी ‘लो’ करून रुंद चाकं टाकायची हौस आहे. त्यात पुण्या-मुंबईकडून आलेल्या सेकंडहँड गाड्या बऱ्याचदा आधीच सजवून आलेल्या असतात. दर उतरल्यावर चौकशी वाढणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

हौसेला मोल नसतं म्हणतात. पण या हौसेचा खर्च दुकानदाराच्या बिलावर संपत नाही. त्यातला काही मिलीमीटरमध्ये मोजावा लागतो, काही किलोमध्ये, काही आरटीओच्या टेबलावर आणि काही विमा कंपनीच्या पत्रात. चाक रुंद करणं आणि गाडी खाली घेणं ही दोन वेगळी कामं समजून लोक ती वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या ठिकाणी करतात. घोळ तिथेच होतो. कारण दोन्ही कामं एकच जागा खातात. मडगार्डच्या आत कंपनीने चाकाला हलायला ठेवलेली मोकळीक ती हीच.

टायरवरचे आकडे काय सांगतात

बऱ्याच हॅचबॅक गाड्यांना १८५/६५ आर १५ हे माप येतं. १८५ म्हणजे टायरची रुंदी मिलीमीटरमध्ये. ६५ म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची, रुंदीच्या ६५ टक्के, म्हणजे साधारण १२० मिलीमीटर. १५ म्हणजे रिमचा व्यास इंचात. यावरून अख्ख्या चाकाची उंची निघते सुमारे ६२१ मिलीमीटर. गाडीचा स्पीडोमीटर, किलोमीटरची नोंद आणि एबीएसची गणितं याच उंचीवर बेतलेली असतात.

आता रिम १७ इंची केली तर टायरची भिंत कमी करून एकूण उंची जुळवावी लागते. २१५/४५ आर १७ घेतला तर उंची सुमारे ६२५ येते, म्हणजे जवळजवळ तेवढीच. २०५/४० आर १७ घेतला तर ती ५९६ वर उतरते. हा फरक चार टक्क्यांचा आहे. मूळ मीटर अचूक होता असं धरलं, तर काटा १०० वर असताना गाडी प्रत्यक्षात ९६ ने पळते आणि मीटरवर १०,००० किलोमीटर झाले तेव्हा गाडी ९,६०० च्या आसपासच धावलेली असते. वॉरंटीचे किलोमीटर मात्र मीटरप्रमाणेच संपतात. उलट २२५/४५ आर १७ घातला की चाक दोन टक्के मोठं होतं आणि काटा असतो त्यापेक्षा कमी वेग दाखवतो. एकूण उंचीतला फरक दोन-तीन टक्क्यांच्या आत ठेवावा, असा टायरच्या धंद्यातला सर्वसाधारण संकेत आहे तो यासाठीच.

दुसरा आकडा त्याहून महत्त्वाचा, पण तो कुणी वाचत नाही. मापाच्या पुढे ८८, ८७, ८४ असा एक आकडा आणि एक अक्षर असतं. तो आकडा म्हणजे टायर किती वजन पेलेल त्याचा निर्देशांक. ८८ म्हणजे ५६० किलो, ८७ म्हणजे ५४५ किलो, ८४ म्हणजे ५०० किलो. मूळ टायर ८८ चा असताना कोणी ८४ चा बसवला, तर प्रत्येक चाकामागे ६० किलो आणि चार चाकांमागे २४० किलो क्षमता गेली. गाडी दिसते भारदस्त, पण टायर झालेला असतो हलका. एकटा माणूस गावात फिरवतो तोवर काही कळत नाही. सुट्टीत पाच जण आणि डिकीभर सामान घेऊन गोव्याला निघाल्यावर ते कळतं.

ईटीचा गैरसमज

मॅगव्हील घेताना दुकानात तीन गोष्टी बोलल्या जातात : इंच, नट आणि रंग. नटांचं अंतर, म्हणजे पीसीडी, जुळलं की काम झालं असं मानतात. बऱ्याच छोट्या गाड्यांना चार नट आणि १०० मिलीमीटरचं वर्तुळ असतं. पण फियाटच्या पुंटो, लिनियासारख्या गाड्यांना ते ९८ चं आहे. दोन मिलीमीटरचा फरक डोळ्याला दिसत नाही, नट ओढून आवळला की बसल्यासारखाही वाटतो. प्रत्यक्षात तो तिरपा बसतो, आणि तिरपा बसलेला नट कधी सैल होईल सांगता येत नाही. शिवाय हबच्या मधल्या भोकाचा व्यास जुळला नाही, तर चाक मध्यावर राहत नाही आणि ठराविक वेगाला स्टिअरिंग थरथरू लागतं. मग बॅलन्सिंगवर बॅलन्सिंग करत बसतात.

सगळ्यात जास्त फसवतो तो ईटीचा आकडा. रिमच्या रुंदीचा मध्य आणि हबला टेकणारा भाग यांच्यातलं अंतर म्हणजे ईटी. उदाहरण घेऊ. मूळ रिम साडेपाच इंची, ईटी ४५. नवी रिम साडेसात इंची, ईटी ३५. दुकानदार सांगतो, ‘दहाचाच तर फरक आहे.’ फरक दहाचा नसतो. रिम दोन इंचांनी रुंद झाली, म्हणजे दोन्ही बाजूंना एकेक इंच, २५.४ मिलीमीटर, वाढली. त्यात ईटीचे दहा बाहेरच्या बाजूला मिळवायचे आणि आतल्या बाजूतून वजा करायचे. रिमची कड बाहेर येते ३५ मिलीमीटर आणि आत शिरते १५ मिलीमीटर. बाहेर मडगार्डची ओठाळी, आत शॉकॲब्सॉर्बर. दोन्हीकडची मोकळीक एकाच वेळी घटली.

चाक बाहेर आलं की बेअरिंगवरचा ताण वाढतो, स्टिअरिंगच्या सांध्यांना जास्त झटके बसतात आणि खड्ड्यात एक चाक गेलं तर स्टिअरिंग हातातून ओढलं जातं. तरीही काहीजण चाक आणखी बाहेर काढायला मध्ये स्पेसर घालतात. मूळ लांबीच्या बोल्टवर जाड स्पेसर घातला की नटाला पकडायला आटेच कमी उरतात. गाडीतल्या चौघांचा जीव त्या उरलेल्या दोन-चार आट्यांवर असतो.

स्प्रिंग कापली की काय होतं

गाडी खाली घ्यायचे दोन मार्ग आहेत. एक, त्या गाडीसाठी बनवलेल्या आखूड स्प्रिंगा आणि त्यांना जुळणारे शॉकॲब्सॉर्बर बसवणं. दुसरा, आहे तीच स्प्रिंग कापणं. दुसरा स्वस्त, म्हणून चालतो.

स्प्रिंगचे वेटोळे कमी झाले की ती कडक होते, हे साधं यंत्रशास्त्र आहे. काम करणाऱ्या सहा वेटोळ्यांपैकी एक कापलं तर स्प्रिंग सुमारे २० टक्के कडक झाली. पण शॉकॲब्सॉर्बर जुन्याच ताकदीचा आहे. त्याला ती आवरत नाही आणि गाडी उड्या मारते. शिवाय गाडी आधीच खाली बसल्यामुळे दांड्याला आत जायला जागा थोडी उरलेली असते. गचका बसला की तो थेट खालच्या रबरी थांब्यावर आपटतो. आणि चाक हवेत लटकलं, समजा जॅक लावला किंवा गाडी उंचवट्यावरून गेली, की कापलेली आखूड स्प्रिंग आपल्या बैठकीतून सैल होते. ती परत नीट जागेवर बसेलच याची खात्री नसते.

चाकांचा कोनही बदलतो. बहुतेक हॅचबॅकच्या पुढच्या बाजूला मॅकफर्सन पद्धतीचं सस्पेन्शन असतं. गाडी खाली गेली की चाकाचा वरचा भाग आत कलतो आणि वरून पाहिल्यावर चाकांची दिशाही फिरते. अलाइनमेंटला नेलं तरी अशा गाड्यांत बहुधा फक्त दिशा जुळवता येते, कल जुळवायची सोय कंपनीने दिलेलीच नसते. मागच्या बाजूला एकसंध बीम असेल तर तिथे काहीच हलवता येत नाही. परिणाम म्हणजे टायर आतल्या कडेने झिजतो. बाहेरून नक्षी नवी दिसते, आत तारा उघड्या पडलेल्या असतात. कायद्याने कारच्या टायरच्या नक्षीची खोली किमान १.६ मिलीमीटर असावी लागते. ती आतल्या कडेला मोजली तर असे बरेच टायर नापास होतील.

आता दोन्ही कामं एकत्र धरा. चाक ३५ मिलीमीटर बाहेर आलंय आणि मडगार्ड ४० मिलीमीटर खाली आलाय. उभ्या गाडीत एक बोट जाईल एवढी जागा दिसते. पाचजण बसले की मागची बाजू आणखी खाली जाते आणि पहिल्याच गचक्याला मडगार्डची धार टायरवर टेकते. त्यावर ओठाळी आत ठोकून घेण्याचा उपाय करतात. पत्र्याचा रंग तिथे तडकतो आणि पहिल्या पावसाळ्यात गंज धरतो.

आपले गतिरोधक, आपले घाट

इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमावलीप्रमाणे गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच असायला हवा. तो असा असेल तर खाली घेतलेली गाडीही सहज जाते. पुढच्या आणि मागच्या चाकांतलं अंतर २.४५ मीटर धरलं, तर गतिरोधकाचा माथा गाडीच्या पोटाखाली आला तेव्हा दोन्ही चाकंही त्याच्या उतारावरच असतात. पोटाखाली लागणारी जागा फक्त साडेचार सेंटीमीटरच्या आसपास.

पण गल्लीत, शाळेपुढे, देवळापुढे लोकांनीच घातलेले गतिरोधक या मापाचे नसतात. मीटरभर रुंद आणि १५ सेंटीमीटर उंच असा उंचवटा असेल, तर चाकं सपाट रस्त्यावर आणि माथा पोटाखाली. मग लागते पूर्ण १५ सेंटीमीटर जागा. मूळ गाडीची जमिनीपासून उंची १६.५ सेंटीमीटर असेल, स्प्रिंगमध्ये चार गेले आणि ५९६ मिलीमीटरच्या बुटक्या चाकांमुळे आणखी सव्वा सेंटीमीटर गेला, तर उरले सव्वाअकरा. माणसं बसल्यावर आणखी कमी. घासतं काय, तर इंजिनाची ऑइलची टाकी, सायलेन्सर आणि खालच्या नळ्या. ऑइलची टाकी फुटून दिवा लागल्यावरही गाडी चालवत राहिलं तर इंजिन जाम होतं. मग चाकांच्या सेटचा खर्च किरकोळ वाटू लागतो.

घाटाचा विषय वेगळा. बेळगावहून गोव्याकडे चोर्ल्याने जा नाहीतर अनमोडने, सावंतवाडीकडे आंबोलीने जा, जून ते सप्टेंबर पाणी आणि खड्डे यांची सोबत ठरलेली. रुंद टायर कोरड्या सरळ रस्त्यावर पकड चांगली देतो, हे खरंच आहे. पण साचलेल्या पाण्यावर त्याची रुंदीच आड येते. टायरला पुढचं जास्त पाणी बाजूला सारावं लागतं, ते जमलं नाही की चाक पाण्यावर तरंगतं आणि ब्रेक-स्टिअरिंग दोन्ही हातचं जातं. खड्ड्यात तर हिशोब सरळ आहे. मूळ टायरची भिंत १२० मिलीमीटर होती, २१५/४५ ची ९७ आणि २०५/४० ची ८२. भिंत जितकी बुटकी, तितका झटका थेट रिमवर. रिम वाकते किंवा टायरच्या बाजूला फुगा येतो. फुगा आलेल्या टायरवर पंक्चरवाल्याकडे इलाज नाही, तो टाकूनच द्यावा लागतो. आणि १७ इंची कमी उंचीचा टायर घाटातल्या छोट्या गावात मिळत नाही. डिकीतली स्टेपनी मूळ मापाची असेल, तर ती फक्त जवळचं दुकान गाठण्यापुरती.

कायदा : पाटीनुसार बदलत नाही

सीमाभागात एक समज पक्का आहे. ‘कर्नाटकात धरतात, महाराष्ट्रात चालतं’ किंवा याच्या बरोबर उलट. कोगनोळीच्या अलीकडे आणि पलीकडे तपासणीची तीव्रता कमी-जास्त असेल, पण कायदा एकच आहे. मोटार वाहन कायदा केंद्राचा आहे आणि तो बेळगाव, कोल्हापूर, पणजी, इंदूर, वडोदरा, हैदराबाद सगळीकडे तोच.

कलम ५२ सांगतं की नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील आणि उत्पादकाने मुळात दिलेला तपशील यांत फरक पडेल असा बदल मालकाने करू नये. बदल म्हणजे काय, तर वाहनाच्या रचनेत असा फेर, ज्याने त्याची मूळ वैशिष्ट्यं बदलतात. केरळमधून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी या कलमाचा अर्थ कडकपणे लावला. राज्याच्या नियमांचा आधार घेऊन उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने बदलांना दिलेली मोकळीक रद्द झाली. राज्याचे नियम केंद्राच्या कायद्याच्या वर जाऊ शकत नाहीत, हे त्या निकालाचं सार. सीमाभागातल्या वाचकांनी लक्षात ठेवावं ते एवढंच.

त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन कलम १८२अ आलं. त्यातल्या पोटकलम ४ प्रमाणे परवानगी नसलेला बदल, सुटे भाग बसवून केलेला असला तरी, केल्यास मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. ‘प्रत्येक बदलामागे’ हे शब्द महत्त्वाचे. चाकं एक बदल धरली आणि स्प्रिंग दुसरा, तर आकडा १०,००० होतो. जागेवर तडजोड करून किती रक्कम घ्यायची, हे कलम २०० खाली राज्य सरकारं ठरवतात. राज्याराज्यांत फरक दिसतो तो या रकमेत आणि अंमलबजावणीत. त्यावरूनच ‘तिकडे चालतं’ हा समज तयार झाला असावा.

आता तरुणांच्या बाजूचा मुद्दा. खाजगी कारच्या आरसी कार्डावर टायरचं माप छापलेलं नसतं. मग ‘तपशिलात फरक’ कुठे पडला? शिवाय एकाच मॉडेलच्या खालच्या व्हेरियंटला कंपनी लहान चाकं देते आणि वरच्याला मोठी मॅगव्हील. या युक्तिवादात दम आहे. वरच्या व्हेरियंटचं माप खालच्या व्हेरियंटला बसवलं, तर ते उत्पादकाने तपासलेल्या मर्यादेत राहतं आणि त्याला मूळ वैशिष्ट्यांत बदल म्हणणं अवघड आहे. पण मडगार्डच्या बाहेर डोकावणारं चाक आणि कापलेली स्प्रिंग यांना हा बचाव मिळत नाही. प्रत्येक मॉडेल बाजारात येण्याआधी पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून तपासून घ्यावं लागतं. ब्रेक, स्टिअरिंग, दिव्यांची उंची सगळं तेव्हा पाहिलं जातं. स्प्रिंग कापलेली गाडी ही तपासलेली गाडी राहत नाही.

एमएचची गाडी केए करताना

सीमाभागाला खास लागू होणारी गोष्ट पुढेच आहे. कलम ४७ प्रमाणे एका राज्यात नोंदलेली गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ ठेवली, तर तिथली नवी नोंदणी घ्यावी लागते. पुण्याची एमएच १२ ची गाडी घेऊन बेळगावात राहणाऱ्याला कधीतरी एनओसी आणून केए २२ करावी लागतेच. गाडी विकत घेताना बहुतेकांचं लक्ष किंमत, किलोमीटर आणि एनओसी यांच्यावर असतं. पण नोंदणीसाठी गाडी आरटीओत उभी करावी लागते आणि निरीक्षक ती पाहतो. आधीच्या मालकाने हौसेने घातलेली चाकं आणि कापलेल्या स्प्रिंगा तिथे नव्या मालकाच्या खात्यावर येतात. गाडी नामंजूर झाली तर मूळ चाकं शोधत फिरायचं, नव्या स्प्रिंगा घालायच्या आणि पुन्हा तारीख घ्यायची. दरम्यान कर भरायचा असतो, तो वेगळा.

पंधरा वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करतानाही हाच प्रसंग येतो. गाडी जुनी, मूळ भाग मिळत नाहीत, आणि समोर तपासणी. म्हणून सजवलेली सेकंडहँड गाडी घेताना एक अट घालावी : मूळ चाकं आणि मूळ स्प्रिंगा सोबत मिळाल्या तरच व्यवहार, नाहीतर त्यांची किंमत सौद्यातून वजा.

विमा : कळवलं नाही तर

अपघातात दुसऱ्याचं नुकसान झालं, तर ती भरपाई विमा कंपनीला सहसा टाळता येत नाही. पण स्वतःच्या गाडीचा दावा वेगळा. पॉलिसी घेताना गाडी जशी सांगितली तशीच ती आहे, या भरवशावर कंपनीने जोखीम घेतलेली असते. बाहेरून बसवलेली मॅगव्हील कंपनीला कळवून, त्यांची किंमत पॉलिसीत धरून, वाढीव हप्ता भरता येतो. हे न केल्यास चाकांची किंमत तर मिळत नाहीच. आणि बदलामुळेच अपघात झाला असं सर्वेक्षकाला दिसलं, तर अख्खा दावा अडकू शकतो. चाकाचा नट सुटून गाडी दरीकडे गेली, तर सर्वेक्षक आधी चाकच पाहणार.

खिडकीच नाही, हा खरा प्रश्न

इथपर्यंत दोष गाडीमालकाचा वाटेल. पण सरकारकडेही एक उत्तर बाकी आहे. मॅगव्हील, आखूड स्प्रिंगा, स्पेसर राजरोस विकले जातात, बिल मिळतं, त्यावर १८ टक्के कर सरकार घेतं. विकणं चालतं आणि बसवणं गुन्हा, ही स्थिती सामान्य माणसाला पटत नाही. सीएनजी किटसाठी रस्ता आहे. मान्यताप्राप्त किट घ्या, अधिकृत केंद्रात बसवा, आरसीवर नोंद करून घ्या. चाकांसाठी आणि सस्पेन्शनसाठी सामान्य मालकाला जाता येईल अशी खिडकीच नाही. जर्मनीत अशी व्यवस्था आहे. चाकाला प्रमाणपत्र असतं, टीयूव्हीसारखी संस्था गाडीवर बसवलेलं चाक तपासते आणि कागदपत्रांत नोंद होते. नापास झालं तर ते चाक रस्त्यावर येत नाही.

आपल्याकडे ही सोय नसल्याने चांगलं काम आणि घाणेरडं काम एकाच पंगतीत बसतं. मोजून-मापून, भार निर्देशांक पाहून चाकं घेणारा आणि गल्लीत कटरने स्प्रिंग कापून घेणारा, दोघांनाही एकच कलम लागतं. मग मोजमाप करण्याची गरज कुणालाच वाटत नाही. बेळगाव आणि कोल्हापूर ही फाउंड्री आणि मशीनशॉपची शहरं आहेत. नीट मापाचं काम करणारे हात इथे कमी नाहीत. त्यांच्या कामाला सरकारी शिक्क्याची वाट मिळाली, तर कटरवाल्याचं दुकान आपोआप बसेल. दोन्ही बाजूंच्या लोकप्रतिनिधींनी एकत्र मागावी अशी ही मागणी आहे. कायदा केंद्राचा असल्याने ती बंगळूरु किंवा मुंबईत नव्हे, दिल्लीतच मांडावी लागेल.

तोवर एवढं तरी

– त्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटला कंपनी जे चाक देते, तेच माप निवडावं. मालकाच्या पुस्तिकेत किंवा दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर मापं आणि हवेचा दाब लिहिलेला असतो.

– टायरचा भार निर्देशांक मूळ आकड्यापेक्षा कमी घेऊ नये. आयएसआय शिक्का आणि बनवल्याचा आठवडा-वर्ष पाहावं. शेवटचे चार आकडे २३२५ असतील, तर टायर २०२५ सालच्या २३ व्या आठवड्यातला.

– रिम घेण्याआधी रुंदी, ईटी, पीसीडी आणि मधल्या भोकाचा व्यास या चारही गोष्टी बिलावर लिहून घ्याव्यात. रिमवर ती किती भार पेलते त्याचा आकडा कोरलेला असावा.

– पैसे देण्याआधी एक चाक बसवून पाहावं. मागे तीन माणसं बसवून, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून, एक चाक उंचवट्यावर चढवून, कुठे टेकतं का ते बघावं. उभ्या रिकाम्या गाडीवरून निर्णय घेऊ नये.

– बसवल्यावर ५० ते १०० किलोमीटरनंतर नट पुन्हा टॉर्क पान्याने तपासून घ्यावेत.

– स्प्रिंग कापू नये. कापलेली असेल तर मूळ मापाची नवी घालावी.

– जुनी चाकं भंगारात किंवा अदलाबदलीत देऊ नयेत. माळ्यावर चार चाकांची जागा जाते खरी, पण नोंदणी बदलताना, गाडी विकताना किंवा पावसाळ्यात घाट चढताना तीच बाहेर काढावी लागतात.